टायर पॉलिश आणि ट्रिम ड्रेसिंग: चकाकी किती, संरक्षण किती?

गाडी धुऊन झाली की वॉशिंग सेंटरवरचा मुलगा शेवटी एक स्पंज हातात घेतो, बाटलीतला दुधाळ किंवा तेलकट द्रव त्यावर ओततो आणि चारही टायरवरून, मग बंपरच्या खालच्या काळ्या प्लास्टिकवरून फिरवतो. दोन मिनिटांत मळकट करडे टायर काळेभोर दिसू लागतात. आपल्याकडे याला सरसकट टायर पॉलिश म्हणतात. बाटलीवर मात्र 'ड्रेसिंग' असे लिहिलेले असते आणि त्याखाली दावे असतात: भेगा रोखते, अतिनील किरणांपासून वाचवते, टायरचे आयुष्य वाढवते.

या पाठात आपण हे दावे तपासून पाहणार आहोत. त्यासाठी लागणारे रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र तुम्ही बारावीपर्यंत शिकलेलेच आहे: कार्बनमधील दुहेरी बंध, पृष्ठताण, अपवर्तनांक. उत्तर थोडक्यात आधीच सांगतो. टायरच्या बाबतीत ड्रेसिंग हे मुख्यतः दिसण्यापुरते असते. खरे संरक्षण कारखान्यातच रबरात मिसळलेले असते. बाहेरच्या प्लास्टिकच्या बाबतीत ते थोडे अधिक काम करते. आणि काही जागी ते लावणे सरळ धोक्याचे आहे. हे असे का, ते आता क्रमाने पाहू.

टायर काळा का असतो?

डनलपने १८८८ मध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, त्या काळातले टायर काळे नव्हते. रबरात झिंक ऑक्साइड मिसळले जाई आणि टायर पांढरट, फिकट दिसे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून टायरमध्ये कार्बन ब्लॅक म्हणजे अतिशय बारीक काजळी मिसळण्याची पद्धत रूढ झाली. कारण रंगाचे नव्हते. काजळीमुळे रबर कितीतरी मजबूत होते आणि रस्त्यावर कमी झिजते.

काजळीचा दुसरा गुण आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. ती अतिनील किरण शोषून घेते. टायरच्या बाजूच्या भागात, ज्याला साइडवॉल म्हणतात, रबराच्या दर १०० भागांमागे साधारण ५० भाग काजळी असते. म्हणजे सूर्याचे अतिनील किरण टायरच्या पृष्ठभागावरच्या अगदी पातळ थरापलीकडे जाऊच शकत नाहीत. ज्या वस्तूत आधीच इतकी काजळी आहे तिच्यावर वरून 'अतिनील संरक्षण' चोपडण्याने फार काही साधत नाही. बाटलीवरचा एक दावा इथेच बराच हलका झाला.

मग टायरला भेगा कशामुळे पडतात? मुख्य कारण ऊन नाही. मुख्य कारण हवेत आहे.

ओझोन आणि ताणलेले रबर

साइडवॉलचे रबर साधारणपणे नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाइन यांचे मिश्रण असते. दोन्ही पॉलिमरांच्या मुख्य साखळीत ठरावीक अंतरावर कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतात. नैसर्गिक रबर म्हणजे सिस-पॉलिआयसोप्रीन; त्याच्या प्रत्येक एककात असा एक बंध असतो. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याला गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्के करण्याची युक्ती सापडली. या व्हल्कनीकरणात साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना जोडल्या जातात. पण बहुतेक दुहेरी बंध तसेच शिल्लक राहतात.

ओझोनला हे बंध फार आवडतात, असे गमतीने म्हणायला हरकत नाही. ओझोनचा रेणू दुहेरी बंधावर बसतो, बंध तुटतो आणि साखळीचे दोन तुकडे होतात. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकात तुम्ही ओझोनोलिसिस शिकलात ती हीच अभिक्रिया. प्रयोगशाळेत ती फ्लास्कमध्ये घडते, इथे पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर.

एक महत्त्वाची अट मात्र आहे. रबर ताणलेले असेल तरच भेग पडते. न ताणलेल्या रबरावर ओझोनची अभिक्रिया होते, पण ती पृष्ठभागावरच्या पातळ थरापुरती. वरचे दुहेरी बंध संपले की काम थांबते, कारण आतले रबर झाकलेलेच राहते. रबर ताणलेले असेल तर तुटलेल्या साखळ्या दोन्ही बाजूंना ओढल्या जातात, फट उघडते, आतले ताजे रबर उघडे पडते आणि ओझोन पुढे सरकतो. असुरक्षित रबराच्या बाबतीत काही टक्के विकृतीसुद्धा त्यासाठी पुरते. म्हणूनच ओझोनने पडलेल्या भेगा नेहमी ताणाच्या दिशेला काटकोनात असतात. जुन्या टायरची साइडवॉल जवळून बघा, भेगांची दिशा पाहून रबर कुठल्या बाजूने ताणले जात होते ते तुम्हाला सांगता येईल.

या गुणधर्माचा एकेकाळी मोजमापासाठी उपयोग झाला. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुके पसरू लागले. अननसाच्या स्वादावर संशोधन करणारे कॅलटेकमधील प्राध्यापक आरी हागेन-स्मिट यांनी त्या धुक्याचा छडा लावला: वाहनांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या धुरातील हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. हवेतील ओझोन मोजण्यासाठी त्यांनी वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्ट्या वापरल्या. पट्टीला भेगा पडायला जितका कमी वेळ, तितका ओझोन जास्त. ज्या गोष्टीला आपण टायरचा दोष म्हणतो, तीच त्यांच्यासाठी मोजपट्टी होती.

आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत ओझोनची आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, एका तासाची १८०. पहिला आकडा रेणूंच्या भाषेत मांडला तर हवेच्या १० कोटी रेणूंमागे ओझोनचे सुमारे ५ रेणू. इतक्या थोड्या ओझोनने रबर फाटते हे खरे वाटत नाही, पण टायर वर्षानुवर्षे हवेत असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात ओझोनही मोजला जातो. तुमच्या शहराचा दुपारचा आणि पहाटेचा ओझोनचा आकडा ताडून पाहा. ऊन असताना तो चढलेला दिसेल. ऊन टायरला छळते ते बहुतांशी असे, आडमार्गाने.

टायर स्वतःला कसा वाचवतो?

हा भाग नीट वाचा, कारण ड्रेसिंगचे मूल्यमापन याच्यावरच उभे आहे.

टायरचे रबर मळतानाच त्यात दोन प्रकारचे रक्षक मिसळतात. पहिला म्हणजे मेण, पॅराफिन आणि त्याचे सूक्ष्म-स्फटिकी भाऊबंद. मेण रबरात पूर्ण विरघळत नाही, त्यामुळे ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकते आणि तिथे एक अदृश्य पापुद्रा धरते. ओझोनला तो पापुद्रा ओलांडता येत नाही. पण मेण ठिसूळ असते. टायर फिरू लागला, साइडवॉल वाकू लागली की पापुद्रा तडकतो. उभ्या गाडीला मेण पुरते, धावत्या गाडीला नाही.

किती वेळा वाकते साइडवॉल? १६५/८० आर १४ हा लहान गाड्यांचा नेहमीचा आकार घ्या. रिमचा व्यास १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी. त्यावर खाली-वर मिळून साइडवॉलच्या दोन उंची, प्रत्येकी १६५ च्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी. एकूण व्यास सुमारे ६२० मिमी, परीघ साधारण १.९५ मीटर. एका किलोमीटरला टायर सुमारे ५१४ फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात साइडवॉलचा प्रत्येक भाग रस्त्याजवळ येताना एकदा फुगतो आणि पुन्हा सरळ होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने हे सेकंदाला आठ-नऊ वेळा घडते. एवढ्या कसरतीत मेणाचा पापुद्रा टिकणे शक्य नाही.

म्हणून दुसरा रक्षक लागतो. ही पॅरा-फिनिलीनडायअमिन गटातील संयुगे असतात. त्यांतले सर्वांत रूढ म्हणजे ६पीपीडी. तेही रबरातून पृष्ठभागाकडे सरकत राहते आणि रबराच्या दुहेरी बंधापेक्षा जास्त वेगाने ओझोनशी अभिक्रिया करते. म्हणजे ओझोनच्या तोंडी स्वतःला देते. वापरले गेलेले रेणू पृष्ठभागावर राहतात, आतून नवे येत राहतात. हा साठा वर्षांनुवर्षे पुरेल अशा बेताने भरलेला असतो.

धुतलेल्या टायरवरही जी तपकिरी छटा दिसते ती बऱ्याच अंशी याच संयुगांची आणि त्यांच्या उत्पादनांची असते. लोक तिला मळ समजतात आणि तारेच्या ब्रशने, तीव्र डीग्रीझरने घासून काढतात. एकदा मऊ ब्रशने आणि शांपूने धुतले तर काही बिघडत नाही, आतून नवा पुरवठा येतोच. पण दर आठवड्याला रबर 'उघडे' पडेपर्यंत खरवडणे म्हणजे टायरने स्वतःसाठी घातलेले चिलखत आपल्या हाताने उतरवणे.

जाता जाता एक गोष्ट. ६पीपीडीची ओझोनशी अभिक्रिया होऊन एक क्विनोन तयार होतो. तो टायरच्या झिजलेल्या कणांबरोबर पावसाच्या पाण्यात वाहून जातो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात शहरी ओढ्यांमध्ये कोहो साल्मन मासे अंडी घालण्यापूर्वीच मरत होते. त्यांचा मारेकरी हाच क्विनोन असल्याचे २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. टायर उद्योग आता पर्याय शोधत आहे. सोपे नाही, कारण इतके काम करणारा दुसरा रेणू सहज सापडत नाही.

बाटलीत काय असते?

बाजारातल्या ड्रेसिंगचे दोन मोठे गट आहेत आणि ते ओळखायला लेबल वाचण्याचीही गरज नसते. पांढरा दुधाळ द्रव असेल तर ते पाण्यावर आधारित आहे: सिलिकॉन तेलाचे किंवा पॉलिमरचे बारीक थेंब पाण्यात पसरवलेले, म्हणजे इमल्शन. पारदर्शक, तेलकट आणि पेट्रोलसारख्या वासाचा द्रव असेल तर ते विद्रावकावर आधारित आहे: सिलिकॉन तेल पेट्रोलियमच्या हलक्या अंशात विरघळवलेले. दुसरे जास्त चमकते, पावसात जास्त टिकते आणि बहुधा स्वस्तही पडते. वॉशिंग सेंटरवरच्या मोठ्या कॅनमधून येते ते पुष्कळदा हेच.

दोन्हींतील चकाकी देणारा घटक एकच, पॉलिडायमिथिलसिलॉक्झेन. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची आळीपाळीने गुंफलेली साखळी आणि प्रत्येक सिलिकॉनवर दोन मिथिल गट. याचा पृष्ठताण सुमारे २१ मिलिन्यूटन प्रति मीटर, पाण्याचा ७२. इतका कमी पृष्ठताण असलेला द्रव जवळजवळ कुठल्याही पृष्ठभागावर आपोआप पसरतो, बारीक खाचांत शिरतो. म्हणून टायर एकसारखा काळा दिसतो.

'सिलिकॉनने टायर फाटतो' असे तुम्ही ऐकले असेल. यात गफलत आहे. सिलिकॉन तेल टायरच्या रबराला फारसे फुगवत नाही. खरा संशयित त्याचे वाहन, म्हणजे पेट्रोलियम विद्रावक. सारखे सारख्यात विरघळते हा नियम आठवा. टायरचे रबर हायड्रोकार्बन, विद्रावकही हायड्रोकार्बन. तो रबरात शिरतो, त्याला किंचित फुगवतो आणि उडून जाताना पृष्ठभागाजवळचे मेण आणि ६पीपीडी सोबत ओढून आणू शकतो. एकदा लावल्याने टायर खराब होत नाही. पण दर आठवड्याला वर्षानुवर्षे लावत राहिले तर जे रोखायचे होते त्यालाच हातभार लागतो. घरगुती उपायांपैकी रॉकेल, डिझेल आणि जुने इंजिन ऑइल याच कारणाने वर्ज्य. ग्लिसरीन ध्रुवीय असल्याने रबरात शिरत नाही, त्यामुळे निरुपद्रवी आहे. पण ते हवेतले पाणी धरते, त्यावर धूळ चिकटते आणि पहिल्या पावसात ते धुऊन जाते.

आता मुख्य प्रश्न: सिलिकॉनचा थर ओझोन अडवतो का? इथे तुम्हाला आश्चर्य वाटेल. पाणी न चिकटणारा हा पदार्थ वायूंना मात्र मोकळी वाट देतो. सिलिकॉन रबरातून ऑक्सिजन जितका सहज आरपार जातो तितका नैसर्गिक रबरातून जात नाही. फरक कित्येक पटींचा आहे. ओझोनलाही तो थर विशेष अडवत नाही. पाण्यात ओझोन सोडण्याच्या काही उपकरणांत तर सिलिकॉनचाच पडदा वापरतात. तेव्हा 'भेगा रोखते' हा दावाही फारसा टिकत नाही.

थराची जाडीही मोजून पाहू. वरच्याच टायरची एक बाजू घ्या: बाहेरची त्रिज्या ३१० मिमी, रिमची १७८. मधल्या कड्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर येते. समजा एका टायरला ५ मिली ड्रेसिंग लागले, तर ओला थर २५ मायक्रोमीटरचा झाला. त्यातला पाचवा भागच टिकणारा धरला तर उरतात ५ मायक्रोमीटर. काही उत्पादनांत अतिनील शोषक मिसळलेला असतो. पण बीअर-लॅम्बर्टचा नियम सांगतो की शोषण संहतीवर आणि वाटेच्या लांबीवर अवलंबून असते. पाच मायक्रोमीटरची वाट फार लांब नाही, आणि रस्त्यावरची धूळ, चिखल, पाणी ती रोज आणखी आखूड करत असतात.

मग अजिबात लावूच नये का? असे माझे म्हणणे नाही. पाण्यावर आधारित ड्रेसिंग नुकसान करत नाही, धुण्याच्या सवयीला प्रोत्साहन देते आणि गाडी छान दिसते. छान दिसणे हा गुन्हा नव्हे. फक्त टायरचे आयुष्य वाढवायचे असेल तर तेच पाच मिनिटे हवा तपासण्यात घालवा. हवा कमी असली की साइडवॉल जास्त फुगते, ताण वाढतो, उष्णता वाढते. आणि ताणलेल्या रबरावरच ओझोन काम करतो हे आपण पाहिले. महिन्यातून एकदा थंड टायरमध्ये योग्य हवा भरणे हे कुठल्याही बाटलीपेक्षा मोठे संरक्षण आहे.

काळ्या प्लास्टिकची गोष्ट वेगळी

बंपरची खालची कड, चाकांभोवतीची क्लॅडिंग, काचेखालची वायपरची जाळी, आरशांचे बूड: हे भाग बहुधा पॉलिप्रोपिलीन आणि त्यात मिसळलेले रबर यांचे असतात. न रंगवलेले, जात्याच काळे किंवा करडे. दोन-तीन उन्हाळ्यांत ते पांढुरके पडतात, विशेषतः गाडी उघड्यावर उभी असेल तर. राजस्थानात, विदर्भात किंवा लेहसारख्या उंचावरच्या गावी हे फार लवकर दिसते.

इथे मुख्य साखळीत दुहेरी बंध नाहीत, त्यामुळे ओझोनचा उपद्रव नगण्य. पण पॉलिप्रोपिलीनमध्ये दर दुसऱ्या कार्बनवर एक तृतीयक हायड्रोजन असतो, आणि तो सहज निघतो. अतिनील किरणांमुळे मुक्त मूलके तयार होतात, ऑक्सिजन जोडला जातो, हायड्रोपेरॉक्साइड बनते, ते फुटते आणि साखळी तुटते. प्लास्टिकमध्ये टायरइतकी काजळी नसते. म्हणून कारखान्यात त्यात प्रकाशस्थिरक मिसळतात. ते मूलकांना पकडतात, पण कालांतराने संपतात. मग पृष्ठभागावर अतिसूक्ष्म तडे जातात आणि भरड्याचा पातळ थर उरतो.

प्लास्टिक पांढरे दिसते ते रंग उडाल्यामुळे, असा समज आहे. बऱ्याच अंशी कारण प्रकाशाच्या विखुरण्याचे असते. पावसाच्या पहिल्या सरीत सह्याद्रीचा करडा कातळ एकदम काळा होतो, किंवा ओल्या फडक्याने पुसलेली पाटी काळीभोर दिसते, तसेच हे आहे. गणित करून पाहा. पॉलिप्रोपिलीनचा अपवर्तनांक १.४९, हवेचा १. लंबवत पडलेल्या प्रकाशाचे परावर्तन (१.४९ − १)² ÷ (१.४९ + १)², म्हणजे सुमारे ३.९ टक्के, आणि तेही प्रत्येक तड्याच्या प्रत्येक कडेवर. आता तड्यांत हवेऐवजी सिलिकॉन तेल भरले. त्याचा अपवर्तनांक १.४० आहे. परावर्तन होते (०.०९ ÷ २.८९)², म्हणजे जेमतेम ०.१ टक्का. विखुरणे जवळजवळ थांबते आणि खालचा मूळ काळा रंग दिसू लागतो. प्लास्टिक बरे झालेले नसते. फटी भरलेल्या असतात. तेल धुऊन गेले की पांढरेपणा परत येतो. पावसाळ्यात तो आठवड्याभरातही येतो.

तरीही प्लास्टिकवर ड्रेसिंगला टायरपेक्षा जास्त अर्थ आहे. इथे शत्रू खरोखर अतिनील किरण आहेत, भाग रस्त्यावर सेकंदाला आठ वेळा वाकत नाहीत, आणि त्यामुळे थर जास्त दिवस राहतो. अतिनील शोषक असलेले उत्पादन नव्या प्लास्टिकवर सुरुवातीपासून नियमित लावले तर फिकेपणा लांबवता येतो. आधीच पांढऱ्या पडलेल्या भागासाठी पृष्ठभागावर कडक होणारे लेप मिळतात. ते महाग असतात आणि त्याआधी भाग अगदी स्वच्छ व तेलविरहित करावा लागतो, पण टिकतात. सावलीत गाडी लावणे मात्र या सगळ्यांहून स्वस्त.

दारांच्या काळ्या रबराबद्दल, ज्याला मेकॅनिक बीडिंग म्हणतात, एवढेच: ते बहुधा ईपीडीएम रबराचे असते. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्याने ते ओझोनला दाद देत नाही. त्यावर शुद्ध सिलिकॉन चालते, रबर दाराला चिकटत नाही, कुरकुर थांबते. व्हॅसलीन किंवा ग्रीस लावू नका. हायड्रोकार्बन असल्याने त्याने ईपीडीएम फुगते.

कुठे लावू नये

टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो त्यावर कधीही लावू नये. पकड म्हणजे घर्षण, आणि सिलिकॉन हे वंगण आहे. मोटारीत साइडवॉल आणि नक्षी वेगवेगळ्या पातळीत असल्याने काळजी घेणे सोपे जाते. दुचाकीच्या टायरचा आकार गोल असतो आणि वळणावर गाडी झुकली की नक्षीची बाहेरची कड रस्त्याला टेकते. धुऊन आणलेल्या स्कूटरचे टायर कडेपर्यंत चमकत असतील तर पहिल्याच वळणावर घसरण्याची शक्यता असते. भारतात विद्यार्थी चालवतात त्या बहुसंख्य गाड्या दुचाकी आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो: वॉशिंगला गाडी देताना 'टायरला पॉलिश नको' असे स्पष्ट म्हणा. लावलेच असेल तर साबणाच्या पाण्याने कडा घासून धुवा आणि पहिले काही किलोमीटर सावकाश चालवा.

डिस्क ब्रेकवर फवाऱ्याचे तुषार गेले तर पॅड तेलकट होतात आणि ब्रेक कमी लागतो. म्हणून फवारा टायरवर थेट न मारता स्पंजवर घ्यावा. ब्रेकचे पेडल, स्टिअरिंग, फूटरेस्ट, स्कूटरची सीट, पायाखालची मॅट यांवरही नको. गाडीच्या रंगावर उडाले तर तातडीने तोटा दिसत नाही, पण पुढे कधी तो भाग रंगवायचा झाला तर सिलिकॉनच्या अंशामुळे ओला रंग जागोजागी मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पृष्ठताणाचाच खेळ. रंगकाम करणारे कारागीर सिलिकॉनचे नाव काढले की वैतागतात ते उगाच नाही.

लावल्यावर लगेच गाडी काढल्यास द्रव उडून दारांवर ठिपके पडतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला टायरच्या बाहेरच्या कडेवरचे अभिकेंद्री त्वरण काढा: १६.७ चा वर्ग भागिले ०.३१, सुमारे ९०० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाच्या ९० पट! न सुकलेला थेंब तिथे थांबणार कसा? लावून दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि उरलेले कोरड्या फडक्याने पुसून घ्या. थर जितका पातळ तितका बरा.

चमकणारा जुना टायर

समजा तुमच्या घरी जुनी गाडी घ्यायची आहे आणि तुम्ही वडिलांबरोबर ती बघायला गेला आहात. टायर काळेभोर, नवेकोरे वाटतात. फटी भरून प्रकाशाचे विखुरणे थांबवण्याचे जे गणित आपण प्लास्टिकसाठी केले, तेच इथे लागू आहे: ड्रेसिंग बारीक भेगा नजरेआड करते. विकणाऱ्याचा हेतू तसा असेलच असे नाही, पण परिणाम तोच.

म्हणून एक ओले फडके, थोडा साबण आणि मोबाईलचा टॉर्च जवळ ठेवा. साइडवॉलचा वीतभर भाग पुसून घ्या आणि टॉर्च बाजूने, तिरका धरा. भेगा सावलीमुळे उठून दिसतील. मग साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष: २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे कधीकधी टायरच्या आतल्या बाजूला असतात, वाकून पाहावे लागते. नक्षीच्या खाचांत १.६ मिमी उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली असेल तर कारचा टायर बदलायलाच हवा, मग तो कितीही चमकत असो. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण टायर आठ-नऊ वर्षांचा आणि साइडवॉलवर नखाला जाणवणाऱ्या भेगा आहेत, अशी गाडी कमी चाललेली आणि बराच काळ उभी राहिलेली असते. अशा वेळी चार नव्या टायरची किंमत सौद्यातून वजा करून मागा.

करून पाहण्याचा प्रयोग

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. साधे तपकिरी रबरबँड घ्या, ते नैसर्गिक रबराचे असतात. सायकलच्या ट्यूबचे तुकडे घेऊ नका. त्या बहुधा ब्युटाइल रबराच्या असतात आणि त्यात दुहेरी बंध फार थोडे. लाकडी फळीवर दोन-दोन खिळे ठोकून पाच रबरबँड मूळ लांबीच्या सुमारे दीडपट ताणून बसवा. एक तसाच ठेवा. दुसऱ्याला वितळवून कोमट केलेले मेणबत्तीचे मेण हलक्या हाताने लावा. तिसऱ्याला पाण्यावर आधारित टायर ड्रेसिंग, चौथ्याला विद्रावकावर आधारित, पाचव्याला ग्लिसरीन. सहावा रबरबँड न ताणता शेजारी ठेवा. फळी गच्चीवर अशा जागी ठेवा की हवा खेळेल पण थेट ऊन आणि पाऊस लागणार नाही. ऊन का नको, ते आता तुम्ही सांगू शकाल: तपकिरी रबरबँडमध्ये काजळी नाही, त्यामुळे अतिनील किरणांचा परिणाम ओझोनच्या परिणामात मिसळेल.

रोज एकाच वेळी भिंगातून पाहा आणि पहिली भेग कुणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या दिशेने पडली ते लिहून ठेवा. शहराच्या ओझोनचा दुपारचा आकडाही त्याच वहीत उतरवा. मेण लावलेला रबरबँड मध्येच एकदा दहा-बारा वेळा ओढून सोडा आणि त्यानंतर त्याचे काय होते याकडे विशेष लक्ष ठेवा. दुसऱ्या फळीवर हेच सगळे उन्हात करून पाहिले तर दोन वह्यांमधला फरक वर्गात मांडण्यासारखा निघेल. ड्रेसिंगचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, जुना शर्ट घाला. आणि विद्रावकाची बाटली मेण वितळवण्याच्या ज्योतीजवळ आणू नका.